तलाठ्याच्या गळ्यातली चकती

तलाठी सापडला. धडधाकट होता, फक्त पोट सुटलं होतं.

हे वाक्य कुणी वाचलेलं नाही. तलाठी हरवलेला आहे, दसरा होऊन एक दिवस उलटला आहे, आणि गोजराबाई विधाते दिशा खैरनारच्या ऑफिसचा जिना चढताहेत.

दिशाचं खासगी तपासाचं ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडवर होतं, एका दातांच्या दवाखान्याच्या बरोब्बर वर. खालून अधूनमधून किंकाळी यायची. नव्या अशिलांना वाटायचं, आत कुणाची तरी चौकशी चालू आहे, आणि ते आपण होऊन खरं बोलायला लागायचे. दिशानं जागा बदलली नव्हती ती याचमुळे.

"तलाठी हरवला, बाई," गोजराबाई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या.

मयूर हा दिशाचा मावसभाऊ आणि ऑफिसातला एकमेव कर्मचारी. तो सहानुभूतीनं म्हणाला, "आजी, तलाठी सापडत नाही ही तक्रार तहसीलदारांकडे करायची असते."

"कुत्रा हाय त्यो."

"कुत्र्याचं नाव तलाठी?"

"हाक मारली की येत नाय. मग काय ठेवायचं?"

खाली कुणी तरी किंचाळलं. गोजराबाईंनी पदर सावरला आणि एका दमात सगळं सांगितलं. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. मालक सावळीराम. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते गेले. तरी रोज सकाळी ते फिरायला निघायचे आणि रोज घरी परत यायचे, कारण तलाठी बरोबर असायचा. कंटाळा आला की तो वळायचा, आणि सावळीराम त्याच्या मागं.

"नवमीला कुत्रा गेला. दसऱ्याच्या दिशी हे एकलेच त्याला हुडकायला निघाले. मुंबई-आग्रा रोडच्या मधोमध सापडले. हातात भाकर. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज कुंकू हाय माझं. पुन्हा पुन्हा निघत्यात. दाराला कडी लावली तर रडत्यात. लहान लेकरावानी."

"पोलिसांत गेलात?"

"गेले ना. साहेब म्हणले, माणूस हरवला की या. म्हटलं, त्याचंच तर भ्या हाय."

दिशा उठली. "मयूर, गाडी काढ."

---

मळ्यावर दसरा अजून शिल्लक होता. फाटकाला माळ, विहिरीवरच्या मोटरला माळ, फवारणीच्या पंपाला माळ, विळे-कोयत्यांना माळ. ओट्यावरच्या मिक्सरला माळ होती आणि इंटरनेटच्या डबीलाही. टीव्हीला मात्र नव्हती.

"आजोबांनी घातल्या," नात निकिता म्हणाली. "खंडेनवमीला दरवर्षी तेच पूजा करतात. बाकी सगळं विसरले, हे नाही विसरले. जे काम करतं त्याला माळ. टीव्ही काही करत नाही म्हणतात."

"तू घरी होतीस नवमीला?"

"नाही ना. मी, आई आणि आजी कालिकेच्या यात्रेला गेलो होतो. आजोबा एकटेच होते, आणि तलाठी."

तलाठ्याच्या लाल पट्ट्याला निकितानं उन्हाळ्यात एक गोल चकती लावून घेतली होती. चकतीवर कोड. मोबाईलनं तो स्कॅन केला की पान उघडायचं: 'मी तलाठी. मी हरवलो आहे. माझ्या घरच्यांना फोन करा.' खाली निकिताचा नंबर. शिवाय स्कॅन कुठं झालं, त्याचा मेसेज निकिताला यायचा.

"मग आले का मेसेज?" मयूरनं विचारलं.

"ढीग! सगळे फुलबाजारातून. नवमीच्या संध्याकाळी सुरू झाले, दसऱ्याला तर एकामागून एक. आज सकाळीही आलेत. प्रत्येक वेळी मोबाईल वेगळा. आम्ही किती वेळा जाऊन आलो, दादा! एकेका हातगाडीखाली वाकून बघितलं. कुत्री पुष्कळ. तलाठी नाही."

"इतक्या लोकांनी स्कॅन केलं आणि फोन एकाचाही नाही?" दिशानं विचारलं.

"एकच आला. कुणीतरी खेकसत होता, पैसे जात नाहीयेत म्हणून. राँग नंबर. मी कट केला."

मयूरचा सिद्धांत तयार झाला. त्याचे सिद्धांत लवकर तयार व्हायचे आणि तितकेच लवकर नासायचे. "टोळी आहे, दिशाताई. कुत्र्याला बाजारात फिरवताहेत. लोक कौतुकानं स्कॅन करतात, तेवढ्यात टोळी खिसे कापते."

"आणि खिसा कापलेल्यांपैकी कुणीच ओरडत नाही?"

"सभ्य लोक असतील."

विहिरीजवळ सावळीराम उकिडवे बसले होते. समोर झेंडूचं क्रेट, हातात सुई-दोरा. डोळे लांब कुठंतरी होते, पण बोटं चुकत नव्हती. दिशा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, तलाठी कुठं गेला?"

बोटं थांबली. सावळीरामांनी तिच्याकडे पाहिलं, आणि बघता बघता चेहरा असा झाला, जसा भर बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराचा होतो. मग त्यांनी परत सुई उचलली.

"बैल धुतला," ते म्हणाले. "नळाखाली. लय हलत होता. माळ घातली त्याला."

"बैल विकून पंधरा वर्सं झाली," गोजराबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही मनावर नका घेऊ."

"धुतल्याबिगर माळ घालू नाय," सावळीराम झेंडूला म्हणाले.

---

मुलगा सोमनाथ शेडजवळ पिकअप पुसत होता. चाळिशीचा, रुंद खांद्याचा. डोळ्यांखाली काळं आलेलं. दिशानं ओळख सांगितली, तसं त्याचं फडकं एकाच जागी फिरायला लागलं.

"मी सकाळीच फुलांची क्रेटं घेऊन बाजारात गेलो, मॅडम. नवमीचा दिवस म्हणजे आमची दिवाळी. रात्रीपर्यंत तिथंच. कुत्रं कधी गेलं, मी बघितलंच नाही."

"कुणी नेलं असेल?"

"कोण नेणार? गावठी कुत्रं ते. पण अण्णांना रोज त्या जुन्या जमिनीवर घेऊन जायचं." आवाज कडक झाला. "विकली ती जमीन. आता तिथं सोसायटी आहे. अण्णा जातात आणि लोकांच्या बागेतली फुलं तोडायला लागतात. आपलाच मळा म्हणून! गेल्या महिन्यात वॉचमननं ढकललं त्यांना. कोपर फुटलं. मी जाऊन हात जोडले सगळ्यांसमोर. वॉचमनसमोरसुद्धा."

मयूर पिकअपच्या आत डोकावू लागला.

"आम्हाला तलाठी दिसला तर ओळखायचा कसा?" दिशानं विचारलं.

"ओळखायचं काय त्यात? उजवा कान अर्धा आहे, तेवढं बघा. गळ्यातल्यावर जाऊ नका. फुलं काय, दोन दिवसांत गळून जातात."

"ताई!" मयूर गाडीतून ओरडला. त्याच्या चिमटीत झेंडूच्या पाकळ्या होत्या. "बाजूच्या सीटवर! पुरावा!"

दिशानं पिकअपच्या बोनेटकडे पाहिलं. तिथं हातभर माळ होती. "मयूर, काल दसरा झाला. आज नाशकात पोलिसांच्या जीपमध्येसुद्धा पाकळ्या सापडतील."

मयूरनं पुरावा खिशात ठेवला. न जाणो.

गोजराबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आली.

"तलाठ्याचा जीव की प्राण ही. आमच्या घरी पिकत नाय. नवमीच्या राती सोमनाथनं आणली, गेणूच्या घरची. गेणू म्हंजी आमच्याकडं कामाला असतो, सुरगाण्याकडचा. नवमीलाच गेला घरी, भात कापायला. लय माया त्याची तलाठ्यावर."

दिशानं भाकरी मोडली. "छान आहे," ती म्हणाली.

---

चकत्या विकणाऱ्या ललितचं दुकान गंगापूर रोडलाच होतं. दाराशी ताजा बॅनर: 'एकाच श्वानाची शेकडो नाशिककरांनी घेतली दखल! तुमचा लाडका सुरक्षित आहे का?' खाली तलाठ्याचा फोटो, अर्ध्या कानासकट.

"पण तो सापडलेला नाही," दिशा म्हणाली.

"सापडला नाही असं कसं म्हणता, मॅडम? रोज सापडतोय," ललित अभिमानानं म्हणाला. "फक्त घरी जात नाही. घरी पोचवणं आमच्या सेवेत येत नाही."

मयूर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांग, जाहिरातीसाठी तूच कुत्रा उचललास ना?"

"मी?" ललितनं बाही वर केली. दंडावर दातांची व्यवस्थित खूण होती. "चकती मोफत तपासायला गेलो होतो, तेव्हाची. तेव्हापासून मी कुत्र्यांना फक्त फोटोत हात लावतो."

त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं फुलबाजारात उतरली. मयूर शिकारी कुत्र्यासारखा वाकून हातगाड्यांखाली बघत चालला होता. दोनदा त्याचं डोकं आपटलं. दिशा मात्र सरळ चालत, गिऱ्हाइकांचे मोबाईल कुठल्या दिशेला वळताहेत ते बघत होती. एका मोठ्या काळ्या छत्रीपाशी ती थांबली. छत्रीखाली भागीबाई नावाची फुलवाली बसली होती.

"मयूर, एक गजरा घे."

"कोणासाठी?"

"पुराव्यासाठी."

मयूरनं गजरा घेतला. "स्कॅन करू का, मावशी?"

"ती बघ वर चकती. पण चालंल का नाय, देव जाणे. लोक मोबाईल लावत्यात, हसत्यात, आन् रोख देत्यात."

मयूरनं वर न बघताच मोबाईल उंचावला, मग पडद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"ताई, यांचं खातं हरवलंय. घरच्यांना फोन करा म्हणतंय."

मयूरनं पुन्हा वाचलं. मग हळूहळू मान वर केली. छत्रीच्या काडीला एक लाल पट्टा बांधलेला होता आणि त्याला गोल चकती लोंबत होती.

"तलाठी!" तो छत्रीकडे बघून म्हणाला.

"झेंडूच्या क्रेटात आला तो," भागीबाई म्हणाल्या. "नवमीला लिलावात माल उचलला, त्यात होता. माझा जुना कोड पावसानं गेला होता. मला वाटलं, कंपनीनं नवा धाडला. पट्टा पण दिला म्हटलं, बरी कंपनी हाय."

क्रेटवर निळ्या रंगात 'सा. वि.' लिहिलं होतं.

---

संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. सावळीराम खाटेवर बसले होते, आणि ते उठू नयेत म्हणून निकितानं त्यांचा हात धरून ठेवला होता. दिशानं लाल पट्टा मधोमध ठेवला. गोजराबाईंनी तो उचलला आणि छातीशी धरला.

"तुम्ही सगळे बाजारात खाली बघत होतात," दिशा म्हणाली. "चकती वर टांगलेली होती. कोणी तलाठ्याला शोधत नव्हतं. लोक फुलांचे पैसे देत होते. निकिता, तुझा तो राँग नंबर बरोबर होता. त्या माणसाचे पैसे खरोखरच जात नव्हते."

निकितानं जीभ चावली.

"म्हणजे कुत्रा बाजारात गेलाच नाही," मयूर म्हणाला.

"नाही. पट्टा एकटाच गेला, याच मळ्यातल्या क्रेटमधून. मग तो काढला कुणी? चोर पट्टा काढून फेकून देईल. मालकाच्याच फुलांत कशाला ठेवील? बाबांनी आपल्याला उत्तर दिलं होतं. आपण ऐकलं नाही."

"बैलाचं?" गोजराबाई म्हणाल्या.

"बैल नाही, तलाठी. खंडेनवमीला जे काम करतं त्याला माळ. मोटर पाणी आणते. मिक्सर वाटण करतो. तलाठी माणूस घरी आणतो. या घरात त्याच्याएवढं काम कोण करतं? बाबांनी अवजार म्हणून त्याला नळाखाली धुतलं. धुवायला पट्टा काढला, हाताशी असलेल्या क्रेटात टाकला आणि गळ्यात माळ घातली. नाव तेवढं जुन्या बैलाचं आलं."

सावळीराम ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. पण "लय हलत होता," ते म्हणाले.

"इथपर्यंत कुणाचाच गुन्हा नाही," दिशा पुढं म्हणाली. "आता बघा. पूजा झाली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आजी, निकिता, निकिताची आई कालिकेला. मी विचारलं असतं तर प्रत्येकानं सांगितलं असतं, तलाठ्याच्या गळ्यात लाल पट्टा आहे. ललितच्या फोटोतही पट्टाच आहे. एकच माणूस म्हणाला, गळ्यातल्यावर जाऊ नका, फुलं दोन दिवसांत गळतात."

निकितानं वडिलांकडे पाहिलं.

"सोमनाथभाऊ, तुम्ही सकाळीच बाजारात गेला होतात आणि रात्री आलात. मग तलाठ्याच्या गळ्यात फुलं आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सोमनाथनं फडकं शोधल्यासारखे हात हलवले. फडकं नव्हतं.

"आणि त्याच रात्री तुम्ही गेणूच्या घरची नागली आणलीत. गेणू त्याच दिवशी सुरगाण्याला गेला. नागली काही फुलबाजारात मिळत नाही."

"आणि बाजूच्या सीटवर पाकळ्या!" मयूरनं खिशातून पुरावा बाहेर काढला. तो आता भुकटी झाला होता.

दिशानं पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "बरोबर. माळ बोनेटवर होती. सीटवर कोण माळ घालून बसलं होतं?"

"सोम्या," गोजराबाईंचा आवाज एवढासा झाला. "तू?"

सोमनाथ खाली बसला, अगदी वडील बसायचे तसा, उकिडवा.

"सकाळची क्रेटं उतरवून दुपारी जेवायला आलो. अण्णा झोपले होते. ते कुत्रं फाटकात बसलेलं, माळ घालून, नवरदेवासारखं. उरलेली क्रेटं बाजारात टाकून गेणूला गावाला सोडायचं होतंच. म्हटलं, कुत्रं नसलं तर अण्णा कुठं जाणार नाहीत. कुणी ढकलणार नाही त्यांना." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पट्टा नव्हता, म्हटलं बरंच झालं. तर रात्री घरी पोचलो आणि निकी ओरडत आली, तलाठी फुलबाजारात आहे! मी त्याला माझ्या हातानं सुरगाण्याला सोडून आलेलो. माझीच मती गुंग. मग अण्णा हायवेवर सापडले. त्याच क्षणी गाडी काढायला हवी होती. पण आणून काय सांगू? बाजारात सापडला म्हणू? सगळे मला विचारणार. आज सांगतो, उद्या सांगतो..."

"तुझा बाप ट्रकखाली जात होता," गोजराबाई म्हणाल्या. "आन् तू उद्या सांगणार होतास."

हे दिशानं सोडवायचं कोडं नव्हतं.

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की खाट रिकामी आहे. पट्टा बघायला म्हणून निकितानं हात सोडला होता.

सगळे धावले. सावळीराम लांब गेले नव्हते. फाटकाशी उभे होते. हातात भाकरी, आणि समोर रस्ता. कुठल्या बाजूला वळायचं हे त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवण करून देणारा पायाशी नव्हता. सोमनाथ त्यांच्याजवळ जाऊन थांबला.

"अण्णा, गाडीत बसा. आपण त्याला आणायला जाऊ."

सावळीरामांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कुणाचे?" त्यांनी विनयानं विचारलं.

"तलाठ्याच्या ओळखीचा आहे," सोमनाथ म्हणाला. सावळीराम लगेच गाडीत बसले.

---

सुरवातीचं वाक्य आता वाचलं तरी चालेल.

गेणूच्या अंगणात तलाठी नागलीच्या भाकरीवर भाकरी खाऊन लोळत होता. सावळीरामांनी हाक मारली. तो आला नाही. त्यांनी पुन्हा मारली नाही. आपण होऊन गेले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. तलाठ्यानं त्यांच्या हातातली भाकरी हुंगली, पोट भरलेलं असूनही खाल्ली, आणि कंटाळल्यासारखा उठून गाडीच्या दिशेनं चालू लागला. सावळीराम त्याच्या मागं.

त्यानंतरच्या सोमवारी महानगरपालिकेच्या आवक खिडकीवर एक अर्ज आला. तो असा:

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी साहेब यांस,

विषय: श्वान नोंदणीत दुरुस्ती होणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमचे घरी तलाठी नावाचा श्वान असून त्याचे नोंदणीत 'मालक' या रकान्यात श्री. सावळीराम विधाते यांचे नाव आहे. प्रत्यक्ष परिस्थिती पाहता सदर नोंद उलट झालेली आहे. तरी 'मालक' या रकान्यात तलाठी यांचे नाव लावून, श्री. सावळीराम हे त्यांच्या ताब्यात असल्याची नोंद घ्यावी. तसेच नवीन चकती श्री. सावळीराम यांचे सदऱ्याला लावण्यात आलेली असून, ती स्कॅन झाल्यास तलाठी यांना थेट कळवण्याची व्यवस्था आपले स्तरावरून व्हावी.

अर्जदाराने सदर तलाठी यांना त्यांचे कामाच्या जागेवरून कोणालाही न विचारता परस्पर हलविले, ही बाब खरी आहे. सबब अर्जदारास यापुढे घरातील कोणालाही, कोणाच्याही भल्यासाठी, कोठेही सोडून येण्यास कायमस्वरूपी मनाई करण्यात यावी, व तसा लेखी आदेश अर्जदाराचे आईस देण्यात यावा. ती तोंडी ऐकून घेत नाही.

योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.

आपला विश्वासू,
सोमनाथ सावळीराम विधाते
(तलाठी यांचे ओळखीचा)